बिनआवाजाची गाडी

"ही चालू हाय का बंद?" बसूनं काचेवर टकटक करून विचारलं.

"चालू आहे."

"मग आवाज कुठाय?"

"आवाज नसतो तिला. सुरुवातीला विजेवर चालते. पेट्रोलचं इंजिन नंतर सुरू होतं, तिच्या मनात आलं की."

बसूनं बॉनेटला कान लावला. त्यासाठी त्याला बरंच वाकावं लागलं, कारण माझी गाडी जेमतेम त्याच्या कमरेपर्यंत येत होती. "काय न्हाई," तो म्हणाला. "मेल्यागत हाय. मग ही उठायची कशी?"

ही म्हणजे मैना, आमची म्हैस. गाडीच्या बरोबर पुढ्यात, गल्लीच्या मधोमध, पाय दुमडून ती रवंथ करत बसली होती. मागून घरघर ऐकू आली की आमच्या गल्लीतल्या म्हशी आपण होऊन उठतात आणि बाजूला होतात. माझ्या गाडीची घरघरच नसल्यामुळे मैनेच्या लेखी तिथे गाडीच नव्हती. मी हॉर्न वाजवला. असल्या गाड्यांचा हॉर्न फार सभ्य असतो, खोकल्याची माफी मागितल्यासारखा. मैनेनं एक कान हलवला आणि रवंथ पुढे चालू ठेवलं.

"हाल गं बाय," बसूनं तिच्या पाठीवर थाप मारली. "साहेबांस्नी कारखान्यावर जायाचं हाय. लाखाची गाडी हाय, पर तोंडात जीभ न्हाई."

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापुरात शनिवार पेठेतली आमची गवळ्यांची गल्ली, त्यात आमचं घर आणि घराला लागून गोठा. वडील इराप्पा गवळी, ज्यांना सगळी गल्ली आण्णा म्हणायची, त्यांनी चाळीस वर्षं म्हशी राखल्या. मी मात्र शेणाचा वास नको म्हणून इंजिनिअर झालो आणि शिरोलीत फाउंड्री टाकली. आता माझ्या अंगाला साच्यांतल्या जळक्या वाळूचा वास येतो. गोठा माझा चुलतभाऊ बसू बघायचा. दुसऱ्यांच्या इंजिनांचे सुटे भाग ओतण्यात माझी पंधरा वर्षं गेली होती, आणि अडतिसाव्या वर्षी मला वाटलं की एक तरी इंजिन आपलं असावं. म्हणून मी दोन दारांची, पांढरीशुभ्र, हायब्रिड स्पोर्ट्स कूपे घेतली. तिच्यात एक नाही, दोन इंजिनं निघाली, आणि त्यातलं एक बोलतच नव्हतं.

पांढरी का, असं मला कुणी विचारू नये. शोरूममध्ये ती फार छान दिसत होती. शोरूममध्ये म्हशी नव्हत्या.

कंपनीच्या माहितीपुस्तकात ही गाडी शून्यावरून शंभरावर किती सेकंदांत जाते ते दिलं होतं. आमच्या गल्लीतून ती बावीस मिनिटांत मुख्य रस्त्यावर जायची. दार हे तिचं पहिलं दुखणं. दोनच दारं असल्यानं एकेक दार गोठ्याच्या फाटकाएवढं लांब, आणि गल्ली अरुंद. दार अर्धंच उघडायचं आणि मी त्या फटीतून विहिरीतून वर यावं तसा बाहेर यायचो. दुसरं दुखणं पोट. शिरोलीपर्यंत एकवीस गतिरोधक होते. पोट घासू नये म्हणून मी ते तिरके घेत असे, आधी एक चाक, मग दुसरं, आणि मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर एवढा वेळ थांबून मोठ्या जिव्हाळ्यानं बघायचा. एकदा एका ड्रायव्हरनं ट्रॅक्टरवरून उतरून मला, "साहेब, आमी उचलून पलीकडं ठेवू का?" असं विचारलं. तो चेष्टा करत नव्हता.

मागची सीट नावाला होती. माझी बायको अश्विनी तीत एकदाच बसली आणि उतरल्यावर म्हणाली, "ही भाजी ठेवायला बरी आहे." त्यानंतर ती स्कूटरवरून फिरायला लागली. पेट्रोल पंपावर, सिग्नलला, देवळाच्या दारात, जो भेटेल तो एकच प्रश्न विचारायचा, ॲव्हरेज किती देते. आकडा सांगितला की माणसं खूश व्हायची, आणि मग म्हणायची, "पर आवाज न्हाई हो." कोल्हापुरात लोक चांगल्या मोटारसायकलचा सायलेन्सर स्वखुशीनं काढून ठेवतात. तिथे मी पैसे मोजून मुकी गाडी आणली होती.

मुकं आमच्या घरात आणखीही एक जण होतं, आणि ते मात्र कुणी पैसे मोजून आणलं नव्हतं.

चैत्रात आण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि अर्धं तोंड गेलं. हातपाय हळूहळू परत आले, काठीच्या आधारानं ते चालूही लागले. तोंडाचं मात्र वेगळं झालं. आण्णा म्हणजे गल्लीतला सगळ्यात मोठा आवाज. ते गोठ्यात शिवी द्यायचे ती नदीवर ऐकू जायची. इस्पितळातून घरी आले त्या दिवशी शेजारचे रामलिंगतात्या भेटायला आले, तेव्हा आण्णा त्यांना बसा म्हणाले. तोंडातून निघालं ते भलतंच, ओलसर आणि आकार नसलेलं. तात्या हसले नाहीत. त्यांनी फक्त आईकडे वळून विचारलं, "काय म्हणत्यात?"

आण्णांच्या समोरच विचारलं. त्या दिवसापासून आण्णांनी तोंड मिटलं. पाहिजे ते काठीनं दाखवायचे, नको ते भुवईनं सांगायचे. बोलणं आईशी नाही, माझ्याशी नाही, बसूशी नाही. वाचा शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून तीनदा त्यांच्यासमोर बसून आ-ई-ऊ म्हणायच्या आणि आण्णा त्यांच्याकडे म्हशीचा सौदा फिसकटल्यावर बघावं तसे बघायचे. दसऱ्याला बाईंनी मला बाजूला घेतलं.

"ते बोलू शकतात," त्या म्हणाल्या. "अडखळत, पण बोलू शकतात. बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलंय. अजून पाच-सहा महिने असेच गेले तर मग ठरवूनही येणार नाही. जे स्नायू वापरत नाही ते विसरतात."

"मग काय करू?"

"बोलल्याशिवाय चालणारच नाही असं काहीतरी त्यांच्यापुढे यायला हवं. आ-ई-ऊसाठी ते तोंड उघडणार नाहीत."

त्यांना इस्पितळात नेणं-आणणं माझ्याकडे होतं. टेम्पोत त्यांना चढता येईना आणि रिक्षात ते कलंडायचे. माझी गाडी जमिनीलगत असल्यामुळे तिच्यात चढायचा प्रश्न नव्हता, नुसतं मागे पडायचं. आधी बूड, मग डोकं, मग एकेक पाय. बाहेर काढताना मात्र मला त्यांच्या काखांत हात घालून, छातीशी धरून उचलावं लागायचं. मी जन्मात कधी बापाला मिठी मारली नव्हती, आमच्यात तशी पद्धत नाही. या गाडीनं ती मला आठवड्यातून सहा वेळा मारायला लावली. आण्णा त्या वेळी दुसरीकडे बघायचे, आणि मीही. मला ते आवडायचं, हे मी आज सांगू शकतो. वाटेत आम्ही तिघं काही बोलायचो नाही, ते, मी आणि गाडी.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या गल्लीत म्हशी पळवतात. म्हशीला घासूनपुसून न्हाऊ घालतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि पायांत चाळ घालतात. मग मालक मोटारसायकलवर पुढे आणि म्हैस मागे, दावं नाही, काठी नाही, गल्लीच्या तोंडापासून नदीजवळच्या पिंपळापर्यंत. मोटारसायकलचा सायलेन्सर काढलेला असतो, कारण म्हैस तो आवाज ओळखते आणि त्याच्यामागे येते. असं आमच्यात सगळेच सांगतात. जी म्हैस दाव्याशिवाय येते तिला पुढचा मान. नऊ वर्षं तो मान मैनेचा होता, म्हणजे आण्णांचा होता. म्हैस आली नाही तर तिला दावं लावून सगळ्यात शेवटी न्यायचं, आणि वर्षभर गल्लीची बोलणी खायची.

पाडव्याच्या आठ दिवस आधी बसूनं आण्णांची मोटारसायकल काढली. तीच गाडी, तोच उघडा सायलेन्सर, तोच आवाज. त्यानं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून तिची मूठ अशी पिळली की आमच्या माडीवरचा आरसा खाली आला. मैना खाली बसली.

"वजन कमी पडतंय," तात्या म्हणाले. "आण्णा बसला की गाडी दाबून आवाज देती. तू हलका हाईस."

बसूनं मागे पोतं बांधलं. मैना बसूनच राहिली. मग कुणीतरी म्हणालं, वास पाहिजे. बसूनं आण्णांचा सदरा घातला, आण्णांची टोपी घातली आणि मैनेच्या तोंडासमोरून तीन चकरा मारल्या. मैनेनं सदरा हुंगला आणि त्याचं एक टोक चावून खाल्लं. मग मी पुढे झालो. घरात एकच इंजिनिअर होता आणि तो गप्प बसला असता तर फार बरं झालं असतं. मी आण्णांचा जुना व्हिडिओ शोधून काढला, त्यातला मोटारसायकलचा आवाज वेगळा केला, आणि माझ्या गाडीच्या चौदा स्पीकरवर, सगळ्या काचा उघडून, गल्लीत सोडला. तात्यांच्या दोन म्हशी दावी तोडून शाहूपुरीपर्यंत गेल्या. मैना रवंथ करत होती.

आई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. "जाऊ दे की औंदा," ती म्हणाली. "माणूस बरं न्हाई घरात. शेवटी जायाचं तर शेवटी जाऊ."

आण्णांनी ओट्यावरून काठी आपटली. सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांनी काठीचं टोक आधी मैनेकडे केलं, मग स्वतःच्या छातीकडे, आणि मग माझ्या गाडीकडे.

गल्लीत त्यावर तासभर चर्चा झाली आणि बेत ठरला. मैनेला आण्णा दिसले पाहिजेत, म्हणून आण्णा माझ्या गाडीत, काच खाली करून. तिला आवाज ऐकू आला पाहिजे, म्हणून बसू आण्णांच्या मोटारसायकलवर, गाडीला खेटून. डोळ्यांना धनी, कानांना इंजिन. एवढा अक्कलहुशारीचा बेत आमच्या गल्लीत पूर्वी झाला नव्हता, असं तात्यांचं मत पडलं. मलाही तो पटला. मला फक्त भीती एवढीच होती की मैना आली नाही तर आण्णा सगळ्या गल्लीसमोर त्या खिडकीत बसलेले असतील, आणि मग ते आयुष्यात परत कशासाठी तोंड उघडणार.

पाडव्याला दुपारी चारला मी गाडी गल्लीच्या तोंडाशी आणून लावली. अश्विनीनं बॉनेटवर झेंडूचा हार घातला होता. बसूनं मला न विचारता डिकीवरच्या आडव्या पंखावर मोरपिसांचा झुपका बांधला होता, त्यामुळे गाडी नुकतीच अंड्यावरून उठल्यासारखी दिसत होती. आण्णांना मी आत बसवलं. पांढरा फेटा छताला लागत होता म्हणून सीट आणखी खाली केली, आणि फेट्यासकट ते नाकापर्यंतच दिसायला लागले. उन्हाचा त्रास नको म्हणून एसी लावला. मग पूजा झाली, नारळ फुटला, कुणाच्या तरी म्हशीच्या शिंगाचा रंग वाळायचा राहिला होता म्हणून थांबलो, आणि पाहुणे यायचे होते म्हणून आणखी थांबलो. पाऊण तास गेला. या पाऊण तासात एसी बॅटरी पीत होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही. सगळा वेळ मी आरशात मैनेकडे बघत होतो.

ती झकास दिसत होती. शिंगं हिरवी, टोकांना पितळी टोपणं, अंगाला तेल. बसूनं तिचं दावं सोडलं, मोटारसायकलला लाथ मारली आणि मूठ पिळली.

आवाज असा झाला की माझ्या दाताला कळ लागली. मैना जागची हलली नाही. बसूनं आणखी पिळली. धुराचा लोट आण्णांच्या खिडकीतून आत आला. पिंपळापर्यंत दोन्ही बाजूंना माणसं उभी होती आणि आता ती एकमेकांकडे बघू लागली होती. मागच्या घरातल्या कुणीतरी ओरडून सांगितलं, "दावं लावा आता. किती वेळ थांबायचं?" बसू घामाघूम होऊन मूठ पिळतच होता, जणू म्हैस नाही तर मूठच ऐकत नव्हती.

आण्णांनी डाव्या हातानं डॅशबोर्डवर थाप मारली. मी बघितलं. त्यांचं तोंड हलत होतं. सात महिने मिटलेलं ते तोंड वाकडंतिकडं होऊन हलत होतं आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

"बसू, बंद कर," मी ओरडलो. त्याला ऐकू गेलं नाही. मी दार उघडलं, ते भिंतीवर आपटलं, अर्ध्या फटीतून बाहेर येऊन मी त्याच्या मोटारसायकलची किल्लीच काढून घेतली.

गल्ली एकदम शांत झाली. मी परत आत बसलो. माझी गाडी चालू होती, आणि नेहमीप्रमाणे तिचं अस्तित्वच नव्हतं. आण्णांनी फेटा काढून मांडीवर ठेवला, डोकं खिडकीतून बाहेर काढलं आणि हाक मारली.

ती धड हाक नव्हती. पहिलं अक्षर अडकलं, दुसरं लाळेत भिजलं, आणि शेवटचा सूर फाटून वर गेला. गर्दीत कुणीतरी हसलं. मला तो हसणारा सापडला असता तर मी त्याच्या अंगावर गाडी घातली असती, आणि त्याला ती येताना कळलीही नसती. आण्णांचा कान लाल झालेला मला दिसला. मला वाटलं, संपलं. आता ते डोकं आत घेतील आणि काच वर करायला सांगतील.

त्यांनी परत हाक मारली.

मैनेचे दोन्ही कान पुढे आले. तिनं मान वर केली, चाळ वाजले, आणि ती चालू लागली. बसूच्या मोटारसायकलकडे ढुंकूनही न बघता ती सरळ खिडकीपाशी आली आणि आण्णांच्या तोंडाशी नाक लावून उभी राहिली.

"हळू घे," तात्या कुजबुजले. आमच्या गल्लीत कुणी कुजबुजलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी हळू घेतली. अर्धा पाय, पाव पाय. गाडी सरकू लागली, आण्णा अडखळत, थुंकी उडवत हाका मारत होते, आणि मैना खिडकीला लागून चालत होती. नऊ वर्षं हा माणूस त्या इंजिनाच्या वरताण ओरडून हिला हाका मारत होता. आम्हाला इंजिनच ऐकू यायचं, म्हणून आम्हाला वाटायचं की ती इंजिनामागे येते. मागे बसू मोटारसायकल हातानं ढकलत चालला होता. तो शेजारच्याला म्हणाला, "मंजे एवढी वर्सं सायलेन्सर उगंच काढत हुतो व्हय?"

निम्मी वाट झाली आणि समोरच्या पडद्यावरचा बॅटरीचा दिवा लाल झाला. एसीनं पाऊण तासात केलेला पराक्रम मला तेव्हा समजला. मी एसी बंद केला, रेडिओ बंद केला, देवाचं नाव घेतलं. या गाडीच्या जाहिरातीत असं म्हटलं होतं की विजेवरून पेट्रोलवर जाताना चालकाला कळतसुद्धा नाही. पेट्रोलचं इंजिन वाघानं जांभई द्यावी तसं गुरगुरत सुरू झालं.

मैना बिचकून मागे सरली. तिनं शिंगं हलवली, एक शिंग दाराला घासलं आणि पांढऱ्या रंगावर हिरवी रेघ उमटली. आण्णा ओरडत होते आणि त्यांचा आवाज परत बुडाला होता. म्हैस इकडे तिकडे बघायला लागली. आण्णा गर्रकन माझ्याकडे वळले. त्यांच्या अर्ध्या तोंडावर राग होता आणि उरलेलं अर्धं त्याच्यामागे फरपटत येत होतं.

"बंद," ते म्हणाले. "बंद कर... मुडद्या."

सात महिन्यांनी माझा बाप माझ्याशी बोलला. मला रडू आलं आणि मी इंजिन बंद केलं.

"आता काय करायचं?" मी विचारलं. "बंद केली तर ती हलणार कशी?"

आण्णांनी खिडकीतून बाहेर बघितलं. दोन्ही बाजूंना दीडशे माणसं उभी होती. ते म्हणाले, "ढकला."

हा शब्द स्पष्ट होता. कुणालाही, "काय म्हणत्यात?" असं विचारावं लागलं नाही. मी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. बसूनं मोटारसायकल भिंतीला टेकवली आणि मागच्या मोरपिसांना खांदा लावला. मग तात्या आले, मग मागच्या घरातला तो ओरडणारा आला, मग ज्यांच्या म्हशी मागे रांगेत होत्या ते सगळे आले. त्यांनी आपापल्या मोटारसायकली तिथेच सोडल्या. सोळा-सतरा माणसं चपला टाकून, दातओठ खात, सुसाट पळण्यासाठी जन्माला आलेली ती गाडी ढकलत होती, आणि ती बैलगाडीपेक्षा हळू चालली होती. आत मी नुसता स्टिअरिंगला धरून बसलो होतो. त्या गाडीच्या आयुष्यात मला तिच्याबद्दल अभिमान वाटला तो तेव्हाच.

आण्णा हाका मारत होते. प्रत्येक हाक आधीच्या हाकेपेक्षा थोडी कमी वाकडी होती, किंवा मला तसं वाटत होतं. मैना चालत होती. पिंपळापाशी पोचलो तेव्हा तिनं मान खिडकीतून आत घातली, आणि कातड्याची ती सीट, जिला पाण्याचा थेंबसुद्धा लागू देऊ नका असं शोरूमच्या माणसानं मला तीनदा बजावलं होतं, ती तिनं आण्णांच्या आजूबाजूला जीभ पोचेल तेवढी चाटून काढली. आण्णा तिच्या कपाळावर हात ठेवून तिला काहीतरी सांगत होते. ते मला कळलं नाही, पण ते माझ्यासाठी नव्हतंच.

त्या संध्याकाळी आण्णांनी गल्लीतल्या प्रत्येकाला एकेक शिवी दिली. लोक मुद्दाम ओट्यापाशी येऊन ती घेऊन जात होते. तात्यांना दोन मिळाल्या, आणि ते दुसरी ऐकायला परत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात बसलो होतो. आईनं आण्णांपुढे चहा ठेवला, नेहमीसारखा, स्टीलच्या कपात. त्यांनी तो बशीत ओतला, घोट घेतला आणि बशी खाली ठेवली. तोंड जुळवायला त्यांना थोडा वेळ लागला.

"साखर," ते म्हणाले. "न्हाई."

आई ओट्याकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही. "न्हाईच हाय," ती म्हणाली. "चैतापास्नं एक चिमूट घातली न्हाई. म्हटलं, एक दिस तरी वरडशीला."

तिच्या पाठीवरून मला कळत होतं की ती रडते आहे. आण्णा बशीतल्या चहाकडे बघत होते. सात महिने, दिवसातून तीनदा, त्यांनी तो तसाच प्यायला होता.

"मला वाटलं," ते सावकाश म्हणाले, एकेक शब्द वेगळा करत, "डाक्टरनं... बंद... केलीया."

आईनं पदरानं डोळे पुसले, साखरेचा डबा काढला आणि त्यांच्यापुढे आपटला.

"इचारायचं की मग," ती म्हणाली.